पोलिसांनी मारलं, तक्रार केली आणि आता धमक्या येतायत? संरक्षण कुठे आणि कसं मागायचं, समजून घ्या

अणदूर (ता. तुळजापूर) : पोलीस कोठडीत किंवा चौकशीच्या नावाखाली मारहाण झाली तर तक्रार करता येते, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. पण खरी अडचण पुढे सुरू होते. तक्रार दिली की दुसऱ्या दिवसापासून फोन येतात. ओळखीचा माणूस घरी येऊन बसतो. "मिटवून घ्या, कशाला वाढवताय" म्हणतो. मग कुणीतरी सांगतं, "पोरावर दुसरी केस पडंल बघा." आणि तिथंच बहुतेक प्रकरणं थांबतात. मार विसरलेला नसतो, पण माणूस घाबरून गप्प बसतो.

अशा वेळी संरक्षण मागण्याचा हक्क कायद्यात आहे. पण तो आपोआप मिळत नाही. तो मागावा लागतो, लेखी मागावा लागतो आणि योग्य ठिकाणी मागावा लागतो. ही माहिती त्यासाठीच.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करू. सगळेच पोलीस मारहाण करत नाहीत, आणि हा लेख कुठल्या एका ठाण्याबद्दल नाही. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच खात्याकडे संरक्षण मागायची वेळ आली, तर सामान्य माणसानं करायचं काय, हा प्रश्न खरा आहे.

मराठवाड्यातलंच उदाहरण : परभणी

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि पोलिसांनी धरपकड केली. त्यात सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी होता. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि १५ डिसेंबरला त्याचा मृत्यू झाला.

सोमनाथनं मॅजिस्ट्रेटसमोर मारहाणीची तक्रार केली नव्हती, असं राज्य सरकारनं विधानसभेत सांगितलं. पण छत्रपती संभाजीनगरला झालेल्या शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात 'अनेक जखमांमुळे बसलेला धक्का' हे मृत्यूचं कारण नोंदवलेलं होतं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. कोर्टात "मारलं का?" असं विचारलं जातं, तेव्हा कोठडीतल्या माणसाला ज्यांनी आणलं तेच पोलीस बाजूला उभे असतात, आणि परत त्यांच्याच ताब्यात जायचं असतं. अशा वेळी माणूस "नाही साहेब" म्हणाला तर त्यावरून मार बसलाच नाही, असं ठरत नाही. संरक्षण नसेल तर खरं बोलणं किती अवघड आहे, एवढंच त्यातून दिसतं.

पुढे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी झाली. सोमनाथच्या आईनं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात दाद मागितली. ४ जुलै २०२५ रोजी खंडपीठानं पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं, पण ३० जुलै २०२५ रोजी तिथंही तो आदेश कायम राहिला. म्हणजे नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला साडेसात महिने आणि दोन मोठी न्यायालयं लागली. एवढा काळ एखादं कुटुंब दबावाखाली टिकून राहायचं असेल, तर त्याच्या मागं संरक्षण हवंच.

साक्षीदार टिकला तरच केस टिकते

परभणीचंच आणखी एक जुनं प्रकरण आहे. ख्वाजा युनूस हा तिथला इंजिनिअर. घाटकोपर बॉम्बस्फोट प्रकरणात डिसेंबर २००२ मध्ये त्याला ताब्यात घेतलं गेलं. जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितलं की, प्रवासात गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. तो परत कधीच दिसला नाही. त्याच्या आईनं वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं २० लाख रुपये भरपाई मंजूर केली.

युनूसला मारहाण होताना पाहिलेला सोबतचा एक आरोपी होता. तो स्वतः पुढं त्या खटल्यातून निर्दोष सुटला. त्याची खुनाच्या खटल्यातली साक्ष कोर्टात नोंदवली गेली ती २०१८ मध्ये. म्हणजे घटनेला १५ वर्षं झाल्यावर.

सांगलीचं प्रकरण २०१७ चं. नोव्हेंबरमध्ये लुटीच्या आरोपावरून पकडलेला अनिकेत कोथळे आणि त्याचा साथीदार पळून गेले, असं पोलिसांनी सांगितलं होतं. प्रत्यक्षात अनिकेतचा कोठडीत मारहाणीत मृत्यू झाला होता आणि त्याचा मृतदेह आंबोली घाटात नेऊन जाळला होता, असं तपासात पुढं आलं. पोलीस उपनिरीक्षकासह इतरांना अटक झाली. त्या रात्री कोठडीत अनिकेतसोबत असलेला साथीदार जिवंत होता, म्हणून आत काय घडलं ते सांगणारं कुणीतरी उरलं.

कोठडीतल्या मारहाणीला बाहेरचा साक्षीदार नसतो. मार खाणारा, त्याच्यासोबत आत असलेला आणि तपासणारा डॉक्टर, एवढेच लोक असतात. त्यातला एक जरी दबावाखाली फिरला तरी केस ढासळते. म्हणूनच धमकी द्यायची ती यांनाच दिली जाते.

पहिलं काम : पुरावा त्यांच्या हाताबाहेर न्या

संरक्षणाची सुरुवात बंदोबस्तापासून होत नाही, कागदापासून होते. पुरावा सुरक्षित ठिकाणी पोचला की माणसाला गप्प करून फारसा फायदा उरत नाही. म्हणून आधी ही कामं करा :

१. सरकारी दवाखान्यात तपासणी. सुटका झाल्याबरोबर, त्याच दिवशी जा. उपजिल्हा रुग्णालय किंवा धाराशिवच्या जिल्हा रुग्णालयात एमएलसी नोंदवायला सांगा. "पडलो", "घसरलो" असं म्हणू नका. कुणी मारलं, कशानं मारलं, कुठं मारलं हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोलीस सोबत असतील तर "मला एकट्याला बोलायचंय" असं डॉक्टरांना सांगा. केसपेपरची प्रत घ्या.

२. कोठडीत असतानाच तपासणीचा हक्क. अटक झालेल्या माणसाची सरकारी डॉक्टरकडून तपासणी करणं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ नुसार बंधनकारक आहे, आणि त्या अहवालाची प्रत त्याला मिळाली पाहिजे. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोठडीत दर ४८ तासांनी तपासणी करण्याचे निर्देश दिले आहेत. नातेवाइकांनी वकिलामार्फत कोर्टात याची मागणी करावी.

३. फोटो आणि कपडे. जखमांचे फोटो रोज काढा, कारण वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठून दिसतात. चेहरा आणि जखम एकाच फोटोत येईल असाही एक काढा. रक्त लागलेले कपडे धुऊ नका, कागदी पिशवीत ठेवा.

४. सीसीटीव्ही. परमवीर सिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावायला आणि चित्रीकरण १८ महिने, यंत्राची तेवढी क्षमता नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितलं आहे. तरी थांबू नका. "अमुक तारखेचं, अमुक वेळेचं फुटेज जपून ठेवा" असा अर्ज पोलीस अधीक्षकांना लगेच द्या आणि पोच घ्या. पुढं "फुटेज उपलब्ध नाही" असं उत्तर आलं, तर हाच अर्ज कोर्टात दाखवता येतो.

५. धमकीचा पुरावा. फोन आला तर तारीख, वेळ, नंबर आणि नेमके शब्द वहीत लिहा. रेकॉर्डिंग किंवा मेसेज असेल तर तो मूळ मोबाईलमधून काढून टाकू नका. कोर्टात असा पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ मोबाईल असला की ते सोपं जातं. एक प्रत वकिलाकडे आणि एक लांबच्या नातेवाइकाकडे पाठवून ठेवा.

आपल्याकडं खंडोबाची मूर्ती अणदूरहून नळदुर्गला न्यायची तरी दोन्ही गावच्या मानकऱ्यांत लेखी करार होतो. देवाच्या कामात तोंडी शब्दावर भागत नाही, तर पोलिसांविरुद्धच्या तक्रारीत कसं भागेल? प्रत्येक अर्ज दोन प्रतींत करा. एका प्रतीवर सही-शिक्का घ्या. कुणी पोच देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

तक्रार कुठे करायची

ज्या ठाण्यात मारहाण झाली तिथंच जायला हवं असं नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, यालाच लोक 'झिरो एफआयआर' म्हणतात. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा. तरीही काही झालं नाही तर कलम १७५ नुसार प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

कबुलीसाठी किंवा माहिती काढण्यासाठी मारहाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे. साधी दुखापत असेल तर ७ वर्षांपर्यंत आणि गंभीर दुखापत असेल तर १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

याशिवाय तीन दारं आहेत :

- राज्य मानवी हक्क आयोग, मुंबई. फी नाही, तक्रार मराठीत चालते. घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. राष्ट्रीय आयोगाकडेही जाता येतं, पण राज्य आयोगाकडे चालू असलेलं प्रकरण राष्ट्रीय आयोग घेत नाही. म्हणून एकच दार निवडा.
- राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण, मुंबई. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, पैसे उकळणं अशा तक्रारी हे प्राधिकरण बघतं. विभागीय पातळीवरही अशा प्राधिकरणाची तरतूद महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे.
- उच्च न्यायालय, औरंगाबाद खंडपीठ. जिवाला धोका असेल, तपास होत नसेल किंवा तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्यायचा असेल तर रिट याचिका करता येते. परभणीच्या आईनं हाच रस्ता धरला.

संरक्षणाचा अर्ज : ठाण्यात नाही, जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे

ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. ५ डिसेंबर २०१८ रोजी महेंद्र चावला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 'साक्षीदार संरक्षण योजना २०१८' मंजूर केली आणि ती देशभर कायद्यासारखी लागू केली. महाराष्ट्रानं २०१७ मध्ये साक्षीदारांच्या संरक्षणासाठी आपला कायदाही केला आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नं तर प्रत्येक राज्यावर अशी योजना करण्याची जबाबदारी टाकली आहे. अर्जात या सगळ्यांचा उल्लेख करावा.

२०१८ च्या योजनेत जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हा व सत्र न्यायाधीश असतात. जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य आणि सरकारी अभियोग विभागाचे जिल्ह्यातले प्रमुख सदस्य-सचिव असतात. अर्ज सदस्य-सचिवांमार्फत जातो. साक्षीदार स्वतः, घरचा माणूस किंवा वकील, कुणीही अर्ज करू शकतो. 'साक्षीदार' म्हणजे गुन्ह्याची माहिती असलेला कुणीही, त्यामुळे ज्याला मारलं तोही त्यात येतो.

धोक्याचे तीन प्रकार धरले आहेत :

- अ : साक्षीदाराच्या किंवा घरच्यांच्या जिवाला धोका.
- ब : सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला धोका.
- क : त्रास देणं, धाकदपटशा असा मध्यम धोका.

अर्ज आल्यावर पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून धोक्याचा अहवाल मागवला जातो. तो पाच कामाच्या दिवसांत यावा आणि अहवाल आल्यावर पुढच्या पाच कामाच्या दिवसांत निर्णय व्हावा, असं योजनेत आहे. धोका तातडीचा असेल तर त्याआधीच अंतरिम संरक्षण देता येतं.

यात काय मागता येतं?

- घराभोवती गस्त किंवा सोबत पोलीस
- कोर्टात जाता-येताना सरकारी वाहन आणि सोबत
- साक्षीदार आणि आरोपी समोरासमोर येणार नाहीत अशी व्यवस्था
- घराला मजबूत दार, दिवे, कॅमेरा
- फोन नंबर बदलून घेणं, येणाऱ्या फोनवर लक्ष
- काही काळासाठी दुसरीकडं राहण्याची सोय आणि खर्चाला मदत
- बंद दालनात साक्ष, साक्ष लवकर नोंदवणं

हे संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांसाठी मिळतं. मुदत संपण्याआधी पुन्हा अर्ज करा. ही तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

मोठी अडचण : धोक्याचा अहवालही पोलीसच देणार

वाचणाऱ्याच्या मनात हा प्रश्न आलाच असेल. तक्रार पोलिसांविरुद्ध, आणि धोका किती आहे हे ठरवणाराही पोलीस अधिकारीच. योजनेतला हा खरा कच्चा दुवा आहे. म्हणून अर्जातच तीन गोष्टी लेखी मागा :

एक, धोक्याचा अहवाल तक्रारीतल्या अधिकाऱ्याच्या उपविभागाबाहेरच्या अधिकाऱ्याकडून मागवावा. दोन, बंदोबस्त द्यायचा तर त्या ठाण्याचे कर्मचारी देऊ नयेत, जिल्हा मुख्यालयातून द्यावेत. तीन, अहवाल येईपर्यंत अंतरिम संरक्षण द्यावं.

समितीच्या अध्यक्षपदी न्यायाधीश असतात, त्यामुळे या मागण्यांना वजन आहे. तिथं नकार मिळाला तर तोच लेखी नकार घेऊन उच्च न्यायालयात जाता येतं. तोंडी नकार घेऊन घरी येऊ नका.

आणखी एक बारीक मुद्दा. सरकारी नोकरानं कर्तव्य करताना केलेल्या गोष्टीची तक्रार मॅजिस्ट्रेटकडे आली, तर कलम १७५ नुसार वरिष्ठांचा अहवाल आणि त्या अधिकाऱ्याचं म्हणणं विचारात घेतलं जातं. म्हणजे गुन्हा नोंदवण्याआधीच त्याला तक्रारीचा सुगावा लागतो. सगळ्यात जास्त दबाव याच दिवसांत येतो. म्हणून तक्रारीचा अर्ज आणि संरक्षणाचा अर्ज एकाच दिवशी द्या. संरक्षण नंतर बघू, असं करू नका.

अर्जाचा नमुना

*प्रति, मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, धाराशिव, तथा अध्यक्ष, साक्षीदार संरक्षण समिती.*
*मार्फत : सदस्य-सचिव.*

*विषय : साक्षीदार संरक्षण मिळणेबाबत.*

*मी (नाव, वय, गाव) असा अर्ज करतो की, दिनांक … रोजी … येथे मला पोलीस कर्मचाऱ्यांकडून मारहाण झाली. त्याबाबत दिनांक … रोजी मी … यांच्याकडे तक्रार दिली आहे. त्यानंतर दिनांक … रोजी … वाजता … या नंबरवरून / प्रत्यक्ष येऊन मला पुढील शब्दांत धमकी देण्यात आली : … माझ्या व कुटुंबाच्या जिवास धोका आहे. तरी मला अंतरिम संरक्षण द्यावे, धोक्याचा अहवाल संबंधित उपविभागाबाहेरील अधिकाऱ्याकडून मागवावा आणि बंदोबस्तासाठी संबंधित ठाण्याचे कर्मचारी नेमू नयेत, ही विनंती.*

*सोबत : वैद्यकीय कागदपत्रे, तक्रारीची पोच, धमकीच्या नोंदी. माझे नाव व पत्ता गोपनीय ठेवावा.*

एवढा साधा अर्ज पुरतो. भाषा अवघड असायची गरज नाही. तारखा आणि शब्द मात्र नेमके असावेत.

धमकी हा वेगळा गुन्हा आहे

मारहाणीची केस जिंकू की नाही, हा पुढचा प्रश्न. पण खोटी साक्ष द्यावी म्हणून कुणाला धमकावणं हाच भारतीय न्याय संहितेच्या कलम २३२ खाली गुन्हा आहे, शिक्षा ७ वर्षांपर्यंत. धमकी साहेबांनी स्वतः दिली काय किंवा गावातल्या मध्यस्थानं दिली काय, गुन्हा तो गुन्हाच. त्यामुळे प्रत्येक धमकीची वेगळी लेखी तक्रार द्या.

फिर्यादी अनुसूचित जाती-जमातीचा असेल आणि गुन्हा अॅट्रॉसिटी कायद्याखाली येत असेल तर हक्क आणखी भक्कम आहेत. २०१५ च्या दुरुस्तीनं त्या कायद्यात कलम १५-अ आलं. पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवास व निर्वाहखर्च आणि गरज पडली तर दुसरीकडं राहण्याची सोय, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. धमकीची तक्रार तोंडी असो की लेखी, ती नोंदवून घेणं हे तपास अधिकारी आणि ठाणेदाराचं कर्तव्य आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट द्यायची आहे. आपल्या भागातले पारधी बांधव अनुसूचित जमातीत येतात. चोरी झाली की आधी पारधी वस्तीवर गाडी जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. कलम १५-अ ची माहिती त्या वस्तीवर पोचायला हवी.

"दुसरी केस टाकू" म्हटलं तर

ही धमकी सगळ्यात जास्त चालते. कधी प्रतिबंधक कारवाई, कधी तडीपारीची नोटीस, कधी कुणाच्या तरी नावानं मारामारीची फिर्याद.

तयारी अशी ठेवा. धमकी आली त्याच दिवशी "माझ्यावर खोटा गुन्हा दाखल होण्याची शक्यता आहे" असं पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा. नंतर गुन्हा दाखल झालाच तर तो सूडापोटी केला, हे दाखवायला हा कागद कामाला येतो. वकिलाशी बोलून अटकपूर्व जामिनाची कागदपत्रं तयार ठेवा. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सहसा आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. नोटीस आली तर हजर राहा, पण एकटे जाऊ नका. वकील किंवा जाणता माणूस सोबत न्या.

कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. "माझी काही तक्रार नाही" असा बाँड कुणी लिहून घेत असेल तर लक्षात ठेवा, बाँडवर सही केल्यानं असा गुन्हा आपोआप मिटत नाही, पण तुमचं म्हणणं मात्र कमजोर होतं. बळजबरीनं सही घेतली असेल तर त्याच दिवशी तसं लेखी कळवा.

वकिलाला पैसे नाहीत?

तुळजापूरच्या तालुका विधी सेवा समितीकडे किंवा धाराशिवच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीत असलेली व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. उच्च न्यायालयात जायचं असेल तर तिथंही विधी सेवा समिती आहे.

गावानं काय करायचं

बऱ्याचदा धमकी वरून येते, पण घरात पोचवतं ते गावच. "साहेब चांगले आहेत, मिटवा" असं सांगायला येणारा आपलाच पाहुणा असतो. त्याला वाटतं आपण भलं करतोय. पण अशा निरोपाचा अर्थ कायद्यात साक्षीदारावर दबाव असा होऊ शकतो. निरोप घेऊन जाण्याआधी एवढा विचार करा.

मदत करायची असेल तर ती साधी आहे. कोर्टाच्या तारखेला सोबत जा. रात्री त्या घराकडं लक्ष ठेवा. दुकानात उधारी, शेतात काम, पोरांची शाळा यात त्या कुटुंबाला एकटं पाडू नका. त्यांचा फोटो, नाव आणि तक्रारीचा कागद व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकू नका. हेतू चांगला असला तरी त्यातूनच पत्ता आणि हालचाल नको त्या माणसाला कळते.

अजून काय कमी आहे

छळाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झालं, त्याचा कायदा झाला नाही. २०१७ मध्ये विधी आयोगानं २७३ व्या अहवालात पुन्हा अशा कायद्याची शिफारस केली, आणि त्यात तक्रारदार व साक्षीदारांच्या संरक्षणाचीही तरतूद सुचवली. ती अजून कागदावरच आहे.

त्यामुळे आज पीडिताला वेगवेगळ्या कायद्यांतली कलमं गोळा करून स्वतःचं संरक्षण उभं करावं लागतं. हे सोपं नाही. पण जिथं जिथं न्यायाच्या दिशेनं काही हललं, तिथं कुणाची तरी आई, भाऊ किंवा सोबतचा माणूस कागद हातात घेऊन उभा राहिला होता. तो उभा राहावा म्हणून त्याला जपणं, हे काम न्यायाधीशांच्या समितीचं जेवढं आहे तेवढंच शेजाऱ्याचंही आहे.

हे नंबर मोबाईलमध्ये ठेवा

- ११२ : तातडीची मदत. गाडी पोलिसांचीच येते, पण फोन केल्याची वेळ नोंदली जाते आणि ती नोंद पुढं उपयोगी पडते.
- १५१०० : मोफत कायदेशीर मदत.
- १४४३३ : राष्ट्रीय मानवी हक्क आयोग.
- १८१ : महिला हेल्पलाईन.
- १०९८ : मारहाण झालेलं पोर १८ वर्षांखालचं असेल तर.